देवडीतला उद्योग

बदलीच्या गावी सरकारी नोकराची संध्याकाळ फार मोठी असते. घरच्या गावी तीच संध्याकाळ कोणाच्या साखरपुड्यात, कोणाच्या समाचारात, नाहीतर नुसती पारावर बसून सरते. परमुलखात ती अंगावर येते. मग कोणी जर्मन भाषा शिकू लागतो, कोणी होमिओपॅथीची पेटी जवळ करतो. माझ्या एका सहकाऱ्याने तीन वर्षांत रेल्वेचे अर्धे वेळापत्रक तोंडपाठ केले आहे आणि आपण कोठून कोठे जाणार हे सांगताच तो गाडी कोठे बदलावी हे न विचारता सांगतो. मी बायकांच्या जुन्या पर्सा दुरुस्त करतो.

कातड्याच्या आणि स्वेडच्या, दुसऱ्याने वापरून टाकलेल्या. पन्नासापासून दोनशे रुपयांपर्यंत काहीतरी देऊन त्या आणावयाच्या, पुसावयाच्या, वाळवावयाच्या, तेलपाणी करावयाचे, उसवलेले शिवावयाचे, अस्तर बदलावयाचे, आणि घेणारीच्या सोयीप्रमाणे कोठे पट्टा वाढवावयाचा, कोठे आत एक खण बसवावयाचा. तयार झालेल्या पर्सा भाचीला, मावसबहिणीला, शेजारच्या शिक्षिकेला जातात. मी त्या विकीत नाही. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांतला पंधरावा नियम खाजगी धंद्याविषयी काय म्हणतो, ते या मासिकाच्या वाचकांना मी सांगावयास नको.

काशीत असल्या वस्तूंना तोटा नाही. घाटांवरच्या गल्ल्यांतून लहान लहान अतिथिगृहे आहेत. त्यांत महिना महिना राहणारे परदेशी प्रवासी परत निघताना सामान हलके करतात. गंगेत सोडता येत नाही ते खोलीतच सोडतात. खोली झाडणारा ते भंगारवाल्याला देतो, आणि भंगारवाला आता मला ओळखतो. दूर कोठल्या तरी शहरात कोणी हौसेने घेतलेली पर्स अशी तीन हात बदलून माझ्याकडे येते. तिच्या अस्तराच्या फाटक्या पोटात हात घातला की तिचा इतिहास थोडा थोडा बाहेर येतो: केसांच्या पिना, परदेशी नाणे, बसचे तिकीट. एकीच्या अस्तरात वाळलेले बेलपान निघाले. विश्वनाथाचे दर्शन घेऊन तिने ते जपून ठेवले असावे आणि पुढे विसरली असावी. की पुण्य मिळाले म्हणून पर्सच येथे ठेवून गेली, कोण जाणे.

पहिली कसोटी जातीची, म्हणजे कातड्याच्या जातीची. बाजारात जे कातडे म्हणून मिरवते त्यातले निम्मे रेग्झिन किंवा त्याचे नवे भाऊबंद असतात. त्यांच्या वरचा थर प्लॅस्टिकचा असतो. बनारसच्या दमट हवेत दोनचार पावसाळे गेले की त्याचे पोपडे निघू लागतात. एकदा पोपडे निघू लागले की धन्वंतरीचाही इलाज चालत नाही, कारण तेल पिणारे असे त्याच्या आत काही नसतेच. खरे कातडे ओळखावे ते कापलेल्या कडेवरून. कडेला तंतू दिसतात. ती कड मध्ये निळसर राखी दिसली तर कातडे क्रोमच्या क्षारांनी कमावलेले. आरपार तपकिरी असेल तर सालीने आणि फळांनी, म्हणजे जुन्या पद्धतीने कमावलेले. दुसरी खूण पाण्याच्या थेंबाची. सालीचे कातडे थेंब पिते आणि काळवंडते. क्रोमचे बहुधा त्याला झटकून टाकते. क्रोमची रीत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत रूढ झाली आणि विसाव्याच्या आरंभी मद्रासेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी तिचे प्रयोग केले. पूर्वी ज्याला आठवडे आणि महिने लागत ते आता दिवसांवर आले, आणि आज जगातले बहुतेक कातडे याच रीतीने तयार होते. ते मऊ असते, रंग छान धरते, पाण्याला भीत नाही. तरी माझा जीव सालीच्या कातड्यावर आहे. ते वापरणाऱ्याच्या हाताचे तेल पिते, उन्हाने पिकते, आणि जिथे पंचवीस वर्षे अंगठा टेकला तिथे अंगठ्याएवढे काळे होते.

या आवडीचे मूळ बहुधा घरच्या वहाणांत असावे. आमच्या सातारा जिल्ह्यात नव्या वहाणा आणल्या की त्यांना एरंडेल पाजीत असत. ते पिऊन त्या मऊ होत आणि काही दिवस करकर वाजत. त्या आवाजावरून माणूस कोण आणि वहाण किती जुनी हे माजघरातून ओळखता येई. कोल्हापुरी म्हणून जिची ख्याती आहे आणि जिला २०१९ साली भौगोलिक निर्देशन मिळाले, ती वहाण अशाच कातड्याची: बाभळीची साल आणि हिरडा. हा हिरडा सह्याद्रीतल्या जंगलांतून येतो. पोट साफ करणारे औषध म्हणून आजीने जो हिरडा उगाळून दिला, तोच म्हशीच्या कातड्यालाही चिरंजीव करतो, ही मौज मला फार उशिरा कळली.

बनारसची हवा कातड्याची तीन महिन्यांआड परीक्षा घेते. मे महिन्यात लू वाहते आणि कातडे तहानेने तडकते. श्रावणभाद्रपदात गंगा पायऱ्या चढून वर येते, भिंतींना ओल धरते, आणि कपाटातल्या पर्सेवर एका रात्रीत पांढरी बुरशी उगवते. ती ओल्या फडक्याने चोळू नये, आत जाते. कोरड्या ब्रशाने उघड्यावर झटकावी, मग पाणी आणि स्पिरिट समभाग घेऊन त्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने पुसावे, आणि सावलीत वाऱ्यावर ठेवावे; उन्हात मात्र नव्हे. तेल शेवटी आणि थोडे. लोक हौसेने एरंडेल ओततात. मग पर्स काळी, लिबलिबीत होते आणि साडीला डाग पाडते. पोटात वर्तमानपत्राचे बोळे भरावे म्हणजे आकार राहतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवणे हे तर बुरशीला आमंत्रण. पितळी कड्यांभोवती हिरवा मेणचट थर दिसतो, तो कातड्यातल्या तेलाचा आणि तांब्याचा संसार. काडीने खरवडून काढावा. सावलीत वाळवण्यासाठी गच्ची हे उत्तम स्थान, पण मंगला गौरीत गच्चीची मालकी माकडांकडे आहे. एकाने माझी एक पर्स पलीकडच्या गच्चीवर नेली, चेन उघडली, आतला वर्तमानपत्राचा बोळा उलगडून पाहिला, आणि त्यात काही नाही असे पाहून ती खाली टाकून दिली. बहुतेक वाचक इतकेही श्रम घेत नाहीत.

स्वेडचा स्वभाव निराळा. हे कातड्याचे आतले अंग; केसांकडची बाजू नव्हे, मांसाकडची. ते घासून त्यावर लव आणतात. स्वीडनमधल्या हातमोज्यांवरून फ्रेंचांनी त्याला हे नाव दिले. त्याला तेल वर्ज्य, पाणीही जपून. तेलाचा डाग पडला असेल तर संगजिऱ्याची भुकटी पसरून रात्रभर ठेवावी, ती तेल ओढून घेते. मळ काढण्यास सर्वांत उत्तम साधन खोडरबर (स्वखर्चाचे, कचेरीतले नव्हे). लव दबून चकाकू लागली असेल तर किटलीच्या वाफेवर क्षणभर धरावी आणि ताठ ब्रशाने उठवावी. ती उठली की रंग परत येतो. खरे तर रंग गेलेलाच नसतो, लव निजलेली असते. स्वेडवर हात फिरवला तर एका दिशेने तो गडद दिसतो, उलट फिरवला तर फिका. शिवताना सर्व तुकड्यांची लव एकाच दिशेला हवी, नाहीतर एकाच पर्सेत दोन रंग दिसतात. हे मला पुस्तकाने सांगितले नाही. ते सांगितले मिस्त्रींनी.

मिस्त्रींकडे वळण्यापूर्वी आमच्या वाड्याविषयी सांगितले पाहिजे, कारण या उद्योगाची जागा त्या वाड्याने ठरविली आहे. पंचगंगा घाटाच्या उभ्या पायऱ्या चढून वर आले, दोन वळणे घेतली, की मंगला गौरीचे देऊळ. आपल्या बायका श्रावणातल्या मंगळवारी जिची पत्री मांडतात तिचे येथे घर आहे. त्याच देवळात गभस्तीश्वर आहे आणि काशीच्या बारा आदित्यांतला मयूखादित्य आहे. येथून ब्रह्माघाट आणि दुर्गाघाटापर्यंतच्या गल्ल्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या नांदली. एकनाथांनी आपले भागवत काशीत १५७३ साली पुरे केले. गागाभट्ट येथूनच १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकास गेले. अशा परंपरेच्या सावलीतला आमचा वाडा. त्याच्या मालकीण माई. वय ८४. जन्म कानपूरच्या मराठी घरातला, सासर येथले. त्यांच्या मराठीत हिंदी इतकी मुरली आहे की त्या रागावल्या की कोणत्या भाषेत रागावल्या हे नंतर आठवत नाही.

मी राहावयास आलो त्या दिवशी माईंनी दोन अटी सांगितल्या. पाण्याचा नळ पहाटे साडेचारला सोडावयाचा आणि कातडे देवडीच्या आत आणावयाचे नाही. जोडे, पट्टा, पर्स, घड्याळाचा पट्टासुद्धा. दाराशी डावीकडे जी देवडी आहे, जिथे कोणे काळी पहारेकरी बसत असेल, तिथे एक फळी आहे. तीवर सर्व ठेवावे. तेव्हापासून माझे काम देवडीत चालते. आरी, सुया, मेण, डब्या, सर्व तिथे. गल्लीतून जाणारे येणारे थांबून पाहतात. थंडीत बोटे गारठतात. पण उजेड चांगला आहे, हे मान्य केले पाहिजे.

माईंशी मी या विषयावर कधी वाद घातला नाही, तरी मनात तो चालू असतोच. त्यांच्या देवघरात मृगाजिन आहे. रामनवमीला वाड्यात भजन होते तेव्हा पखवाज थेट देवापुढे येतो, आणि पखवाजाला दोन्ही तोंडे कातड्याची. पूर्वी मोटेचे पाणी पिकाला आणि पखालीचे माणसाला चालत असे. तेव्हा आक्षेप कातड्याला नसावा. ते ज्या हातांतून आले त्या हातांची आठवण जिथे पुसली गेली आहे तिथे ते चालते, आणि जिथे ती ताजी आहे तिथे दाराशी थांबते. महाराष्ट्रात तर एका कातड्याची तीन घरे केली होती: कमावणारे ढोर, वहाणा करणारे चांभार, खोगिरे शिवणारे जिनगर. तिघांची पंगत निराळी आणि तिघांपासून आमची निराळी. एकच वस्तू जो जो आकार घेई तो तो तिची इयत्ता चढे.

मिस्त्री बसतात ठठेरी बाजाराच्या तोंडाशी, एका बंद दुकानाच्या पायरीवर. पलीकडून पितळेवर पडणारे ठोके ऐकू येतात. खटके आणि रिवेट तेथूनच येतात. वय साठीच्या पुढे. लोक त्यांना जातीच्या नावानेच हाक मारतात, आणि ती हाक शिवी आहे असे मारणाऱ्याला वाटतही नाही. एका तुटलेल्या पट्ट्याच्या निमित्ताने मी त्यांच्याकडे गेलो, आणि मग जात राहिलो. पहिल्या दिवशी त्यांनी मी आणलेली पर्स नाकाशी नेली, दोन बोटांत वाकवली, कड पाहिली, आणि म्हणाले, "ई चमड़ा अबहिन जियत हौ, बाबूजी." अजून जिवंत आहे. मेलेले कातडे त्यांनी मला पुढे दाखविले: वाकवताच मोडणारे, बोटाला तांबूस भुकटी लावणारे. त्याला हात लावावयाचा नाही.

त्यांच्याकडून मी दोन सुयांची शिवण शिकलो. एकाच धाग्याच्या दोन टोकांना दोन सुया. आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. यंत्राच्या शिवणीत एक टाका तुटला की शेजारचे टाके सैल होऊ लागतात. हिच्यात एक तुटला तरी उरलेला धागा जागच्या जागी धरून राहतो. इंग्रजीत या शिवणीचे नाव खोगिरावरूनच पडले आहे. भोक तिरपे पाडावे, दोन भोकांतले अंतर डोळ्याने न मोजता हाताने मोजावे, धागा मेणातून ओढावा. जुन्या पर्सेला नवी भोके पाडू नयेत. तिची मूळ भोके शोधून त्यांतूनच जावे. कापलेल्या कडा गुळगुळीत करण्यासाठी ते कतीरा भिजवून लावतात आणि लाकडाने घासतात. हा कतीरा बनारसमध्ये उन्हाळ्यात सरबतात घालून पितात. आमच्या घरी त्याची एक वाटी स्वयंपाकघरात आणि एक देवडीत असते. आणि अस्तरासाठी मदनपुऱ्यातल्या विणकरांकडची रेशमी कातरण. बाहेरून मळकी, शांत पर्स आणि उघडली की आत जरीचे फूल, हा विचार मात्र माझा, आणि मिस्त्रींना तो फारसा पसंत नाही. ते म्हणतात, पर्स आहे, नवरी नव्हे.

त्यांच्या शेजारी पाण्याने भरलेले एक टमरेल असते. सालीचे कातडे भिजवून मऊ केल्याखेरीज त्यात आरी नीट जात नाही, त्याला वळण घेता येत नाही. पूर्वी या कामाला लाकडी कठौती असे. कठौती म्हणजे आपली काथवट. रोहिदासांची काथवट ती हीच. त्यांनी ब्राह्मणाच्या हाती गंगेला पाठविलेली भेट, गंगेने दिलेले कंकण, आणि त्याच्या जोडीचे दुसरे कंकण जे काथवटीतल्या पाण्यातून निघाले, ही कथा आपण सर्वांनी कीर्तनात ऐकली आहे. मी ती भक्तीची म्हणून ऐकली. काथवटीत पाणी का होते हा प्रश्न मला कधी पडला नव्हता आणि कीर्तनकारालाही पडला नसावा. तो घाणेरड्या पाण्याचा मानून पुढे जातो, कारण त्याखेरीज चमत्कार खुलत नाही. प्रत्यक्षात ते कारागिराचे पाणी आहे. त्याच्याविना टाका पडत नाही. रोहिदास याच शहरातले. बनारसच्या आसपास आपले जातभाई मेलेली गुरे ओढतात हे त्यांनी आपल्या पदात स्वतःच सांगितले आहे, काहीही न झाकता. माघी पौर्णिमेला सीर गोवर्धनपूरच्या त्यांच्या मंदिरात पंजाबातून आलेल्या भक्तांची दाटी होते. मिस्त्री त्या दिवशी दुकान मांडत नाहीत.

एकदा मी त्यांना विचारले, मुलाला हे काम शिकविले की नाही? मुलगा मोटारसायकलवरून घरोघर पार्सले पोचवितो. मिस्त्री आरी पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "हम करीं त जात, आप करीं त सौक."

त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. हिशेब सांगावा तसे सांगितले. मी घरी आलो आणि पुष्कळ दिवस ते वाक्य माझ्याबरोबर राहिले. कोकणात कणकवलीला गोपुरी आश्रम स्थापणाऱ्या आप्पासाहेब पटवर्धनांनी मेलेल्या जनावरांच्या कातड्याचे काम अंगावर घेतले होते. वर्ध्याजवळ नालवाडीला १९३५ च्या सुमारास गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालविले. त्या काळात उच्चवर्णीय माणसाने हे करणे म्हणजे स्वतःच्या घरातून उठणे होते. त्या धैर्यापुढे माझा देवडीतला उद्योग म्हणजे करमणूक. आणि त्याच काळात डॉ. आंबेडकर ज्यांच्यावर हे काम लादले होते त्यांना ते सोडा म्हणून सांगत होते. मेलेली गुरे ओढणे सोडल्यास उत्पन्न बुडेल असा हिशेब कोणी त्यांच्यापुढे मांडला होता; १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरच्या भाषणात त्यांनी तो आठवून सांगितला, आणि इतका नफा असेल तर तो तुम्हीच का घेत नाही, अशा अर्थाचे आपले उत्तरही सांगितले. मला हे उत्तर चर्मालयांहून अधिक निकडीचे वाटते. ज्याला सोडून देण्याची मोकळीक आहे त्याने काम हाती घेणे आणि ज्याला ती कधीच नव्हती त्याने ते टाकून देणे, या एका मापाच्या गोष्टी नव्हेत. मिस्त्रींच्या मुलाने आरी टाकली यात अयोग्य काही नाही. मात्र तिरपे भोक, लवेची दिशा, नाकाने ओळखलेले कातडे, हे सर्व त्या घरातून बाहेर पडून एका कारकुनाच्या संध्याकाळी उतरते आहे. आयुष्यभर बेरजा तपासण्याची नोकरी करूनही ही बेरीज मला जुळविता येत नाही.

गेल्या कार्तिकातली गोष्ट. पंचगंगेवर आकाशदिवे लागले होते. माई देवडीत आल्या, इकडे तिकडे पाहिले, आणि पदराखालून जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेले काहीतरी फळीवर ठेवले. उघडले तर काळी, लहान, पितळी चौकटीची खटक्याची पर्स. कानपूरची. त्या शहरात १८६० नंतरच्या दशकात लष्करासाठी खोगिरांचा कारखाना निघाला आणि पुढे कातड्याचा धंदा तेथे वाढत गेला. १९६२ साली तेथे अशी पर्स मिळणे काही नवल नव्हते. नवल होते ते घेणारीचे. माई लग्नापूर्वी तेथल्या एका मुलींच्या शाळेत दीड वर्ष शिक्षिका होत्या, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. पहिल्या पगारातून घेतलेली ती पर्स. लग्न होऊन त्या या वाड्यात आल्या तेव्हा सासूबाईंनी ती देवडीत ठेवावयास सांगितली. देवडीत ठेवली तर चोरीला जाईल म्हणून माईंनी ती ट्रंकेच्या तळाशी घातली. म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ या वाड्यात देवडीच्या आत कातडे होते.

"अरे, खटका लागत नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्या त्या मिस्त्रीला विचार. पण बाजारात न्यायची नाही हं."

कातडे जिवंत होते. ट्रंकेत अंधार होता, हवा थोडी, आणि धोतराचे फडके सुती. वरची बुरशी निघाली, कोपरे भरून आले. अस्तराचा मात्र चोथा झाला होता. बोट लावताच तुटे. ते काढून टाकणे भागच होते. काढताना आतल्या खणाच्या कडेवर निळ्या शाईने लिहिलेले नाव दिसले, माहेरचे, आडनावासह, शिक्षिकेच्या वळणदार अक्षरात. मी माईंना विचारले की अस्तर सगळेच नवे घालू का.

"घाल. पण ते नाव राहू दे," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्या नावाने पगार मिळत होता."

नावाचा तुकडा मी तलम जाळीच्या कापडावर चिकटवून घेतला आणि नव्या खणाच्या आत, उघडल्याखेरीज दिसणार नाही असा, चारी बाजूंनी शिवला. या पर्सेला जरीचे फूल लावले नाही.

खटक्याची चौकट वाकली होती आणि ते काम माझ्या आवाक्यातले नव्हते. पर्स बाजारात न्यावयाची नाही, तेव्हा मिस्त्रींनाच येणे प्राप्त झाले. ते रविवारी सकाळी आले आणि गल्लीत उभे राहिले. मी या म्हटले तरी पायरी चढेनात. दाराकडे पाहत राहिले. तेव्हा आतून माईच म्हणाल्या, "ऊपर बैठिए, वहाँ धूप है." मिस्त्री देवडीच्या कडेवर बसले, पाय बाहेर सोडून. तासभर त्यांनी हातोडीने, मग नुसत्या अंगठ्याने, चौकट सरळ केली. माई दाराच्या आत मोढ्यावर बसून पाहत होत्या, आणि कानपूरला तेव्हा कोणत्या गल्लीत मोची बसत ते त्यांना सांगत होत्या. पर्स मिटली आणि खट् असा आवाज झाला. माईंनी ती मिस्त्रींच्या हातून घेतली, उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मिस्त्रींनी एकशेवीस सांगितले. माईंनी घासाघीस करून शंभर दिले.

चहा दिला होता तो स्टीलच्या पेल्यात. मिस्त्री गेल्यावर तो पेला देवडीच्या फळीवर राहिला. दुपार झाली, पेला तिथेच. माई जपाला बसल्या होत्या. त्यांच्या बसण्याच्या जागेवरून फळी दिसते. चारच्या सुमारास सौभाग्यवतींनी तो उचलला, आत नेला, आणि दुपारच्या भांड्यांबरोबर घासून पालथा घातला. माईंनी पाहिले. माळ थांबली नाही, आणि त्या काही बोलल्या नाहीत. त्या पेल्यात त्यांनी त्यानंतर पाणी घेतले की नाही, हे मी पाहिलेले नाही. पाहावयाचे टाळले असेही म्हणता येईल.

पर्स सध्या माईंच्या खोलीत, खुंटीला आहे, पण काम पुरे झालेले नाही. तिला पूर्वी हातात धरावयाची लहान मूठ होती. माईंना आता खांद्यावरचा लांब पट्टा हवा आहे, कारण हातात काठी असते आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यास बँकेत जावे लागते. पट्टा मूळच्या कड्यांतच बसेल, भोके नवी पाडावी लागणार नाहीत. कातडे मिस्त्रींनी निवडून ठेवले आहे, सालीचे, जरा जाड. लांबी मात्र ठरायची आहे. माई काठीवर वाकतात तेव्हा पर्स पुढे येऊन पायरीला लागता कामा नये, म्हणून उद्या सकाळी त्यांना काठी घेऊन देवडीत उभ्या राहण्यास सांगितले आहे. मग सुतळीने माप घेईन.